आरतीनंतरची वाफ

नेवरे, ता. जि. रत्नागिरी
९ ऑगस्ट २००९

चि. सुनेत्रा हीस,
अनेक आशीर्वाद.

पुण्याचे लोक गळ्यात कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या बांधून हिंडतात असं पेपरात वाचलं. फोटोही पाहिला. चांगले शर्टपँटीतले, मोटारसायकलवर बसलेले लोक. आमच्याकडे दृष्ट लागू नये म्हणून रेड्याच्या गळ्यात असंच काहीतरी बांधायचे, पण रेडा ते स्वतःहून मागत नसे. विद्येचं माहेरघर म्हणवता ना? या स्वाइन फ्लूच्या भीतीने विद्येला सासरी परत पाठवलेलं दिसतं.

फोन न करता पत्र का लिहिलं, असं विचारशील. माझे कान आता कामातून गेले आहेत. फोनवर माझं तुला ऐकू येतं आणि तुझं मला येत नाही. तुझी काकू म्हणते, यात नवीन ते काय, लग्न झाल्यापासून असंच आहे. पत्रात निदान तुला मध्येच बोलता येत नाही.

मुद्द्यावर येतो. मी काढेवाला नव्हे. जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, तुलाही मीच शिकवलं, आणि पुड्या बांधून देणाऱ्या वैदूंची मी केली तेवढी टिंगल या जिल्ह्यात कोणी केली नसेल. तेव्हा माझा प्रश्न गावठी समजू नकोस. एका इंग्रजी मासिकात वाचलं की दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड, म्हणजे ज्याच्यामुळे दालचिनीला वास आणि तिखटपणा येतो ते संयुग, फ्लूच्या विषाणूला रोखतं. माझ्या आगरात सुपारीच्या सावलीला दापोलीहून आणलेली दालचिनीची झाडं नुसती माजली आहेत. तू त्या विषाणूंच्याच प्रयोगशाळेत बसतेस. हे खरं की खोटं ते लिही. भाषण नको.

दुसरं, माझ्या सुनेचं, सावनीचं. आपल्या यज्ञेशच्या बायकोला सातवा चालू आहे. गणपतीला मुंबईचे चाकरमानी येणार, वाडी माणसांनी भरणार, आणि येताना कोण काय घेऊन येईल सांगता येत नाही, म्हणून तिची आई कमळाताई खेडहून रोज फोन करते की पोरीला महिनाभर इकडे धाडा. इकडे गौरीच्या दिवशी दोहाळजेवण ठरलंय. तुझ्या काकूने हिरवी साडी आणून कपाटात ठेवलीसुद्धा. काल सावनी म्हणाली, "नाना, तुमच्या पुतणीला विचारा ना. मी राहू की खेडला जाऊ?" म्हणून विचारलं. कळव.

चिंतूकाका

•

पुणे
१३ ऑगस्ट २००९

ती. चिंतूकाकांस,
सा. न. वि. वि.

पुरचुंड्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते कमीच आहे. आमच्या प्रयोगशाळेचा शिपाईसुद्धा पुरचुंडी बांधतो, आणि वर मला विचारतो, "मॅडम, तुम्ही नाही बांधली?" सरकारी तपासणी केंद्रासमोर रांगा लागल्या आहेत. ज्यांना शिंक आली ते रांगेत उभे राहतात, आणि ज्यांना आली नव्हती त्यांना रांगेत येते. अख्ख्या राज्यातून नाका-घशाचे नमुने खोक्यांनी येताहेत. मी तेच तपासत बसते, आणि जेवताना हातांना स्पिरिटचा वास येतो.

दालचिनीचं म्हणाल तर खरं आहे. काचेच्या बशीत पेशी वाढवायच्या, त्यांच्यावर विषाणू सोडायचा आणि वर तुमचं सिनॅमाल्डिहाइड टाकायचं. विषाणूची वाढ थांबते. फिनेल ओतलं तरी थांबते, रॉकेल ओतलं तरी थांबेल. बशीत मरत नाही असं काय आहे? उंदरांवरचा प्रयोगसुद्धा झालाय. फ्लू झालेले उंदीर बंद पेटीत ठेवून त्यांना या संयुगाची वाफ हुंगायला दिली, तर वाफ न घेतलेल्यांपेक्षा पुष्कळ जास्त उंदीर जगले. लगेच शिडी घेऊन झाडावर चढू नका. ते संयुग शुद्ध होतं, मोजून दिलेलं होतं, आणि मुख्य म्हणजे ते उंदीर होते. नेवऱ्यातले उंदीर आजारी पडले तर कळवा, मी स्वतः येईन. तोवर दालचिनी पुलावात घाला. पी हळद आणि हो गोरी, इतकं सोपं असतं तर सरकारने आम्हाला पगार कशाला दिला असता?

सावनीबद्दल. दोन जिवांच्या बायकांना हा फ्लू जड जातो. तिला गर्दीत नेऊ नका. खेड की नेवरे हे मात्र मला विचारू नका. मी विषाणू बघते, दोहाळजेवणं बघत नाही. हिरव्या साडीच्या भानगडीत मी पडले तर काकू मला जन्मात जेवायला बोलावणार नाही.

तुमची
सुनेत्रा

•

नेवरे
१९ ऑगस्ट २००९

चि. सुनेत्रा हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोहोचलं. एवढं शिकून तू शेवटी फिनेल आणि रॉकेलवर आलीस, याचा शिक्षक म्हणून खेद वाटला. पण कुत्सितपणा बाजूला काढला की तुझ्या पत्रात मला हवं ते सगळं आहे. बशीत विषाणू थांबतो, हे तू कबूल केलंस. बंद पेटीत वाफ हुंगून उंदीर जगले, हेही तूच लिहिलंस. "पण ते उंदीर होते" हा काही युक्तिवाद नव्हे. उंदीर आणि माणूस दोघांना फुप्फुसं आहेत, आणि उंदराला निदान अक्कल असल्याचा गर्व नाही.

म्हणजे काढा चूक, वाफ बरोबर. काढा पोटात जातो, विषाणू छातीत बसतो. इतकी साधी गोष्ट पुण्याच्या पुरचुंडीवाल्यांना कळली नाही, कारण पुरचुंडी उघड्या हवेत लोंबते. हुंगलेलं सगळं वाऱ्यावर जातं. पेटी बंद हवी! ही त्या प्रयोगातली खरी गोम आहे आणि ती तू जाता जाता लिहून टाकलीस.

तेव्हा मी ठरवलंय ते असं. आपल्याकडे गणपतीत रोज संध्याकाळी वाडीची आरती घरोघर फिरते हे तुला आठवत असेल. खालच्या घरापासून सुरू होते आणि शेवटी आपल्याकडे येते, मग प्रसाद आणि गप्पा. यंदा प्रसादानंतर सगळ्यांना माजघरात बसवायचं. दारं-खिडक्या लावायच्या, फटींना फडकी कोंबायची. मध्ये शेगडीवर मोठं घंगाळ, त्यात दालचिनीची साल आणि पाला उकळत ठेवायचा. बाहेर पडायचं नाही, मी सांगेपर्यंत. लहान पोरांना आतल्या बाजूला. कोणावर सक्ती नाही, पण न येणाऱ्यांची नावं मी लक्षात ठेवणार आहे.

सावनी राहते आहे. तिला गर्दीत नेऊ नका म्हणालीस. नेत नाही. ती घरातच असते. आता गर्दीच घरी येते, त्याला ती बिचारी काय करणार? कमळाताईंना यज्ञेशच्या फोनवरून मीच विचारलं की, तुमच्या खेडला माझ्यासारखी व्यवस्था आहे का? त्या काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. सावनीने पुन्हा विचारलं, "ताईंनी स्पष्ट काय लिहिलंय?" मी तिला पत्र दिलं. वाचून तिने ते घडी घालून परत दिलं.

तुला काही शास्त्रीय हरकत असेल तर लगेच कळव. चेष्टा असेल तर गणपती झाल्यावर.

चिंतूकाका

•

नेवरे
२८ ऑगस्ट २००९

चि. सुनेत्रा हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. शास्त्रीय हरकत सापडलेली दिसत नाही. हरलीस असं धरतो.

आज गौरी-गणपती गेले. चतुर्थीपासून रोज संध्याकाळी वाफ झाली. आपलं माजघर इतकं भरलेलं मी माझ्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी लोक लाजत होते, दुसऱ्या दिवशी जागा धरायला पोरं आधी पाठवू लागले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि सगळे एकमेकांच्या अंगावर खोकताहेत, म्हणजे वाफ छातीपर्यंत पोहोचत होती हे उघड आहे. आगरात कामाला येणाऱ्या मथुरेने तर वाडीत डंका पिटला, "आमच्या मास्तरांनी वाफ दिल्यान, आता कसलं भ्याव नाय!" शास्त्राला इतका मान या गावात पूर्वी कधी मिळाला नव्हता. जाखडी नाचणाऱ्या पोरांनीही नाच झाल्यावर बैठक मारली.

मथुरेचा दीपक मुंबईहून आला तो तापानेच. "नुसतं पडसं आहे वो मास्तर, गाडीत एसी लागला," म्हणत होता. त्याला कोणी शेजारी बसू देईना. मी म्हटलं, हाच अडाणीपणा. ज्याला रोग आहे त्याला वाफ जास्त हवी आणि जी नाजूक आहे तिलाही जास्त हवी. म्हणून दोघांना घंगाळाला लागून बसवलं, दीपक आणि त्याला खेटून सावनी. बाकीच्यांनी शिस्त बघून मान डोलावली. दीपक दोन दिवसांत खडखडीत बरा झाला. यावर तुझ्या प्रयोगशाळेचं काय म्हणणं आहे?

काल दोहाळजेवण थाटात झालं. हिरव्या साडीत सावनी छान दिसत होती, पण जेवली नाही. परवापासून तिला थोडी कणकण आहे. दगदग झाली, दुसरं काही नाही. दम लागतो म्हणते, पण या दिवसांत लागतोच. यज्ञेश उगाच चेहरा पाडून बसलाय आणि रत्नागिरीला डॉक्टरकडे जाऊ म्हणतोय. त्याला म्हटलं, एवढी वाफ अंगात मुरलीय, तिचा गुण यायला अवधी नको का? वाफ एकदाऐवजी दोनदा केली आहे. रविवारपर्यंत बघू.

चिंतूकाका

•

पुणे
१ सप्टेंबर २००९

ती. चिंतूकाकांस,
सा. न. वि. वि.

आम्हाला गेले दोन आठवडे प्रयोगशाळेच्या वसतिगृहातच ठेवलं होतं. काल घरी आले तेव्हा तुमची दोन्ही पत्रं दाराखाली एकावर एक पडलेली. आधी वरचं वाचलं. मग खालचं. मग यज्ञेशला फोन केला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही फाटकात उभे राहून "आजची वाफ होऊ दे, मग बघू" म्हणालात, आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला बाजूला सारून गाडी काढली, असं तो सांगतो. उशिरा का होईना, मुलगा हुशार निघाला.

तुम्ही शास्त्रीय हरकत मागितली होती. घ्या. त्या पेटीतले उंदीर सगळे आधीपासून आजारी होते. निरोगी उंदराला आजारी उंदराशेजारी बसवायचं, फटींना फडकी कोंबायची आणि सगळे खोकायला लागले की समाधान मानायचं, ही युक्ती प्रयोग करणाऱ्यांना सुचली नाही. ती सुचायला नेवऱ्याला जन्म घ्यावा लागतो. हा रोग खोकल्यातून पसरतो, काका. बंद खोलीत जास्त पसरतो. तुमची सगळी दालचिनी एकीकडे आणि माजघराची एक उघडी खिडकी एकीकडे, तरी खिडकी भारी पडली असती. आणि घंगाळातून उकळून जे निघतं त्यात तुमचं संयुग किती आणि धूर किती, हे रसायनशास्त्राच्या मास्तरांनी मला विचारावं? पुण्याचे लोक पुरचुंडी बांधून निदान रस्त्यावर हिंडत होते. उघड्यावर. मूर्ख होते, पण तुमच्याइतके पद्धतशीर नव्हते.

सावनीला ज्या कॅप्सूल देताहेत त्यांच्याबद्दल एक गोष्ट मी पहिल्या पत्रात मुद्दाम लिहिली नव्हती. त्या औषधाचा कच्चा माल चक्रीफुलातून काढतात. हो, तेच, मसाल्याच्या डब्यातलं. पोतीच्या पोती फुलं, मग कारखान्यात एकामागून एक प्रक्रिया, आणि शेवटी जे हातात येतं त्यात फुलाचा वाससुद्धा उरत नाही. हे लिहिलं असतं तर दालचिनीच्या जोडीला घंगाळात चक्रीफूल पडलं असतं, एवढं मी तुम्हाला ओळखते. मसाल्यातून औषध निघतं, काका. नाही असं कोण म्हणालं? पण निघावं लागतं. आणि ते ताप आल्याबरोबर, पहिल्या दोन दिवसांत द्यावं लागतं. तुम्ही ते दोन दिवस वाफ एकदाऐवजी दोनदा करण्यात घालवलेत.

तिला श्वासाच्या यंत्रावर ठेवलंय असं आत्ता यज्ञेशने कळवलं. बाळाचं काय करायचं हे डॉक्टर उद्या ठरवणार आहेत.

आता मला पत्र लिहू नका. वाडीत फिरा, ज्यांना ताप आहे त्यांना दवाखान्यात पाठवा, आणि कृपा करून कोणाला एकत्र बसवून ते समजावू नका.

सुनेत्रा

•

नेवरे
१४ ऑक्टोबर २००९

चि. सुनेत्रा हीस,
अनेक आशीर्वाद.

लिहू नका म्हणालीस म्हणून दीड महिना लिहिलं नाही. तुझं मागचं पत्र मी तुझ्या काकूला वाचून दाखवलं नाही. तिने स्वतः वाचलं, आणि तेव्हापासून ती माझ्याशी मीठ आणि आमटी एवढ्याच विषयांवर बोलते.

बातम्या तुला यज्ञेशकडून कळल्या असतील. पोट फाडून मुलगी काढली. तळहातावर मावेल एवढी होती म्हणतात. सावनी यंत्रावरून उतरायला बरेच दिवस गेले. एकदा डॉक्टरांनी यज्ञेशला बाजूला बोलावलं तेव्हा मी समोर बाकावर होतो. मला ऐकू आलं नाही, पण त्याचा चेहरा दिसला. ते मी तुला लिहू शकत नाही. आता दोघी जगल्या आहेत. मुलगी दूध पिते आणि ओरडते.

वाडीत घर नाही की जिथे ताप गेला नाही. तुझ्या सांगण्याप्रमाणे दारोदार फिरलो. लोक "मास्तर, बसा," म्हणाले, आणि आपण उठून अंगणात गेले. मथुरा पंधरा दिवस अंथरुणावर होती. दीपक मुंबईला टुणटुणीत परत गेला. ज्याने आणलं तो सुटला. जगात न्याय नाही हे मला ठाऊक होतं, पण नेवऱ्यात तरी असेल असं वाटलं होतं.

आता कामाचं. सावनी दवाखान्यातून परस्पर खेडला गेली, मुलीला घेऊन. यज्ञेश तिकडूनच नोकरीला येतो-जातो. बारसं झालं. तुझ्या काकूला बोलावणं होतं, मला नव्हतं. मुलीचं नाव स्वानंदी ठेवलंय हे मला ती परत आल्यावर आमटी वाढताना कळलं.

मी काय केलं असं तुला वाटत असेल तर तेही लिहितो. सावनी शुद्धीवर आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या खाटेशी गेलो. तिला वाईट वाटू नये म्हणून नीट समजावून सांगितलं की, दोष संयुगाचा नव्हता, दोष बंद खिडक्यांचा होता. तत्त्व बरोबर होतं, फक्त अंमलबजावणीत हवेशीरपणा राहून गेला. पुढच्या वेळी सालीऐवजी शुद्ध तेल वापरलं आणि खिडक्या अर्ध्या उघड्या ठेवल्या तर निकाल वेगळा येऊ शकेल. तिने तोंड भिंतीकडे केलं. नर्स आली आणि मला दंडाला धरून बाहेर नेलं. मी नर्सलाही सांगत होतो.

यात मी खोटं काय बोललो ते मला अजून कळलेलं नाही. पण काहीतरी फार वाईट बोललो एवढं कळतं. तू तिच्याशी बोल. ती तुझं ऐकेल. मला त्या मुलीला एकदा पाहायचं आहे, सुनेत्रा. दुसरं काही मागत नाही.

चिंतूकाका

•

खेड
२ नोव्हेंबर २००९

सौ. सुनेत्राताईंस,
सावनीचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. नाना खचलेत, त्यांच्या मनात वाईट नव्हतं, असं तुम्ही लिहिलंय. मनात वाईट असतं तर बरं झालं असतं. वाईट माणसाला मी मला त्या घंगाळाशेजारी बसवूच दिलं नसतं.

तुम्ही दोघं फार शिकलेले आहात. मी बारावी आणि एक टायपिंगचा कोर्स. मी विचारलं होतं, राहू की जाऊ? "जा" हे एका अक्षराचं उत्तर आहे, ताई. तुम्ही मला फिनेल, रॉकेल, उंदीर आणि पुलाव असं एक पानभर उत्तर पाठवलंत. नानांनी मला ते वाचायला दिलं. मी ते दोनदा वाचलं, कारण वाटलं की माझं उत्तर मध्ये कुठेतरी असेल आणि मला सापडत नसेल. तुमची चेष्टा चांगली होती. मलासुद्धा हसू आलं. मग मी घडी घालून परत दिलं आणि राहिले.

दीपकभाऊ माझ्या मांडीवर खोकत होते. मी नानांकडे पाहिलं. नानांनी हाताने खूण केली, श्वास आत घे, खोल घे. मी घेतला. सुनेला दुसरं काय करता येतं? सगळी वाडी बघत होती.

राग आहे का, असं विचारलंय. आहे. तुमच्यावर थोडा, स्वतःवर थोडा, ह्यांच्यावर बराच, कारण ते दोन दिवस चेहरा पाडून बसले. नानांवर किती आहे ते मला मोजता येत नाही. आई म्हणते, घराची पायरी चढू द्यायची नाही. पण स्वानंदी त्यांची नात आहे, आणि उद्या तिने विचारलं तर मला "अमुक कारणामुळे" असं समजावत बसायचं नाही. या घराण्यात समजावून सांगणारे पुष्कळ झाले.

येऊ देत त्यांना. तोंडाला फडकं बांधून यावं, हात धुवावेत, मुलीला घ्यावं. फक्त एकच अट आहे. काही समजावून सांगायचं नाही. ना मला, ना आईला, ना मुलीला. दालचिनीबद्दल नाही आणि हवेबद्दलही नाही. जमत असेल तर या म्हणावं.

सावनी

•

नेवरे
२४ नोव्हेंबर २००९

चि. सुनेत्रा हीस,
अनेक आशीर्वाद.

तू सावनीचं पत्र जसंच्या तसं मला पाठवलंस. त्यात तुझीही हजेरी घेतलेली असताना पाठवलंस, याची नोंद घेतली. गेल्या काही महिन्यांत आपल्यातल्या कोणाकडून घडलेलं हे पहिलं शहाणपणाचं कृत्य असावं.

परवा खेडला जाऊन आलो. वादळाने आगरातली सुपारीची झाडं मोडून टाकली आहेत, ती आवरायची सोडून गेलो. यष्टीत माझ्या शेजारी एक गृहस्थ आवळ्याच्या रसाची बाटली नाचवत, त्याने स्वाइन फ्लू कसा पळतो ते पुढच्या सीटवाल्याला सांगत असावेत. मला ऐकू येत नव्हतं, पण हातवारे ओळखीचे होते. अशा माणसाची मी पूर्वी तिथल्या तिथे खरडपट्टी काढली असती. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

कमळाताईंनी दार उघडलं आणि हात धुवायला पाणी दिलं. साबण दिला. मी धुतले. त्यांनी पुन्हा साबण दिला. मी पुन्हा धुतले. फडकं मी घरून बांधूनच आलो होतो.

सावनी पलंगावर बसली होती. वाळली आहे. आवाज अजून बसलेला आहे म्हणतात. तिने माझ्याकडे बघितलं आणि मुलगी उचलून माझ्या हातात दिली. सुनेत्रा, मुलीला वजन असं नाहीच. नाक आमच्याकडचं आहे. डोळे उघडून ती माझ्या फडक्याकडे बघत राहिली, जसं काही मी फळ्यावर काही लिहिणार आहे. मी काही लिहिणार नव्हतो. मी सावनीला "कशी आहेस?" एवढंसुद्धा विचारलं नाही, कारण मी एकदा तोंड उघडलं की पुढे काय येतं ते आता मला माहीत आहे.

बराच वेळ बसलो. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत असावेत, मुलगी दचकत होती. मग तिचं तोंड वाकडं झालं, डोळे मिटले, आणि ती शिंकली. एकदा. मग आणखी एकदा.

शिंकेची कारणं, अकाली जन्मलेल्या मुलांची फुप्फुसं, खोलीतलं तापमान, किती वेळात डॉक्टर गाठायचा, सगळं माझ्या जिभेवर येऊन उभं राहिलं. कमळाताई दाराशी आल्या. सावनी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी जन्मात कोणाला इतका घाबरलो नसेन.

मी तोंड उघडलं नाही. मुलगी तिच्याकडे दिली आणि उठून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसलो. आत काय चाललंय ते मला कळायला मार्ग नव्हता. दवाखान्यात जायची धावपळ होते का, कोणी रडतंय का, काही ऐकू येईना. मी रस्त्याकडे तोंड करून बसून राहिलो.

थोड्या वेळाने माझ्या खांद्याला हात लागला. सावनी स्वतः उठून आली होती, मुलीला छातीशी धरून. ती माझ्या कानाशी वाकली आणि त्या बसलेल्या आवाजात जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडून म्हणाली,

"नाना, नुसती शिंकलीय. आत या."

मी आत गेलो. चहा घेतला. कोणाला काही सांगितलं नाही.

चिंतूकाका